अंबूबाईचं रक्त, विठाबाईंचं नाव

बेंगळुरातल्या जयनगरात भीमाचार्य डॉक्टरांचा दवाखाना कुठं म्हणून विचारलंत तर रिक्षावाला डोकं खाजवेल. शिवलीला अक्कांचा दवाखाना म्हणा, दारात नेऊन सोडेल. डॉक्टर थकून घरी बसले, त्यांच्या खुर्चीवर त्यांची लेक क्षमा आली, पण बाहेरच्या टेबलामागची अक्का तीच राहिली.

निपाणीकडची बाई. मराठी येत होतं, कानडी येत होतं, तरी लग्न होऊन बेंगळुरात आली तेव्हा इथलं कानडी ऐकून तिला वाटलं, ही माणसं तोंडात सुपारी धरून बोलतात की काय. वर्ष दोन वर्षांत तिच्याही तोंडात ती सुपारी आली. नवरा शिवकुमार कारखान्यातून सुटून घरी बसलेला, एकच पेपर सकाळी एकदा आणि जेवून एकदा वाचणारा. घर चालायचं ते तिच्या खुर्चीवर.

त्या खुर्चीवर बसून ती सगळंच करी. नंबर लावणं, वजन करणं, सुई टोचून रक्त काढणं आणि पैसे घेणं. दवाखाना लहान. रक्त तपासायची यंत्रं तिथं नव्हती. अक्कानं रक्त काढायचं, नळीवर नाव-वयाची चिठ्ठी डकवायची, दुपारी लॅबचा माणूस येऊन घेऊन जायचा. लॅब आपलं बिल दवाखान्याला लावी आणि दवाखाना ते पेशंटाकडून वसूल करी. डॉक्टर आपली फी कधीमधी सोडून देत. पण बाहेरच्या तपासणीचा पैसा सुटत नसे, तो दुसऱ्याच्या घरचा.

आणि इथंच अक्काची माया आडवी आली.

लॅबवाले साठीच्या पुढच्या माणसांना बरीच सवलत देत. एकदा भाजीवालीच्या सुनेचं रक्त काढायचं होतं आणि ती बाई पदराची गाठ सोडून पुन्हा पुन्हा मोजत बसली. अक्काला बघवेना. तिनं चिठ्ठीवर सुनेऐवजी सासूचं नाव घातलं, वय पासष्ट. काम झालं. रिपोर्ट आला तेव्हा वरची नावाची पट्टी कातरीनं कापली आणि खालचा कागद सुनेच्या हातात दिला. "रोग खाली असतो बाई," ती म्हणाली, "वर नुसतं नाव."

मग ती रीतच पडली. ज्याच्या घरात म्हातारं माणूस, त्याचं नशीब चांगलं. भीमाचार्यांना माहीत नव्हतं असं नाही. मांजर डोळे मिटून दूध पीत होतं आणि दुधाचा मालकही डोळे मिटून बसला होता.

क्षमाचे डोळे मात्र उघडे. उगादीच्या, म्हणजे आपल्या पाडव्याच्या, दिवशी अक्काच्या हातावर कडुलिंब आणि गूळ ठेवता ठेवताच ती म्हणाली, "अक्का, यापुढं ज्याचं रक्त त्याचं नाव. कुणाला पैसे कमी पडले तर मला सांगा, मी बघते काय करायचं ते. पण नाव बदललेलं मला पुन्हा दिसलं, तर ही खुर्ची तुमची राहणार नाही."

"सरी, सरी," अक्का कानडीत 'बरं, बरं' म्हणाली. त्या वर्षी तिला गूळ लागलाच नाही, नुसता कडुलिंब लागला.

तिनं पाळलंही. पाळलं ते अंबूबाई येईपर्यंत.

अंबूबाई म्हणजे दोन रस्ते पलीकडच्या आप्पाजी रावांच्या घरची स्वयंपाकीण. अथणीकडची. आप्पाजींचं घराणं बेंगळुरात किती पिढ्यांचं ते त्यांनाही सांगता येत नसे, त्यांच्या मराठीत निम्मं कानडी. त्यामुळं अंबूबाईला आपल्याकडचं बोलायचं झालं की ती शिवलीलाच्या टेबलाशी येई. शेंगाचटणीचा डबा आणी, सोबत आप्पाजींच्या घरातल्या चार गोष्टी.

त्या आठवड्यात तिचा गाल सुजलेला होता. दाढ किडली होती. तिची लेक पवित्रा एचएसआर लेआउटकडं राहायची, तिथल्या दातांच्या डॉक्टरला दाखवलं, तर तो म्हणाला, आधी साखर तपास, रक्तातल्या पेशी मोजून आण, मग काढतो.

"डॉक्टरीणबाईंना सांगू या," शिवलीला म्हणाली. "त्या कमी करतील."

"हात पसरायला मी काय देवळाच्या पायरीवर बसलीय होय?" अंबूबाई फणकारली. "रुपये दे म्हणायचं नि उद्या त्यांच्यासमोरनं जाताना मान खाली घालायची? माझ्या घरचे आप्पाजी देतो म्हणालेत."

आप्पाजी तिच्या मागोमाग आलेच होते, बीपी मोजून घ्यायला. ते म्हणाले, "आमच्या हिशेबात घाल, अक्का. आणि आमच्या हिच्या नावावर घाल की. तूच मागं म्हणाली होतीस, म्हाताऱ्यांना स्वल्प स्वस्त पडतं."

शिवलीलानं आतल्या दाराकडं पाहिलं. दार बंद होतं. हात लिहीत गेला: विठाबाई, वय शहात्तर, स्त्री.

सुई काढल्यावर कापूस धरला तरी अंबूबाईचं रक्त लवकर थांबेना. थांबलं ते जागा काळीनिळी करून. "कातडं आहे का वांगं गं तुझं!" शिवलीला हसली. अंबूबाईही हसली. मागच्या आठवड्यात दोन दिवस अंग तापलं होतं, गोळ्या खाऊन तिनं तसाच स्वयंपाक रेटला होता, हेही तिनं हसत हसतच सांगितलं. शिवलीलानं ऐकलं आणि पुढचा नंबर पुकारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबकडून निम्माच रिपोर्ट आला. साखरेचा. साखर ठीक. पेशींचा कागद आला नव्हता. अंबूबाई घाईत होती, दातवाल्यानं अकराची वेळ दिलेली. शिवलीलानं वरची पट्टी कापली आणि कागद तिच्या हातात ठेवला.

"दुसरा मागनं येतोय. पण तो ठीकच असणार. तुला काय धाड भरलीय? जा, काढून घे ती दाढ, आणि मग सुपारी खायला ये."

अंबूबाई गेली.

तासाभरानं आतला फोन वाजला. क्षमाचं बोलणं दारातून ऐकू येत होतं. "हो. हो, बोला... किती? पुन्हा सांगा... दोनदा तपासलंत?" मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि क्षमा बाहेर आली. तिच्या हातात कागदाचा चिटोरा होता.

"अक्का, आप्पाजींना फोन लावा. विठाबाईंना घेऊन लगेच या म्हणावं, आहेत तशा. प्लेटलेट बारा हजारांवर आल्यात. लाखाच्या वर पाहिजेत. आकडा इतका कमी, म्हणून लॅबवाल्यांना खरा वाटेना, त्यांनी थांबवून पुन्हा मोजला, त्यातच उशीर झाला."

"म्हणजे... काय होतं त्यानं?" शिवलीलानं विचारलं.

"रक्त थांबत नाही. कुठं लागलं, कुठं कापलं, तर वाहतच राहतं. त्यांना सांगा, घरात काही उचलू नका, पडू नका. आणि या."

शिवलीलाच्या कानात तेवढंच राहिलं: लागलं कापलं तर. एचएसआरच्या कुठल्याशा माडीवर अंबूबाई आत्ता तोंड उघडून बसली असेल, आणि तिच्या पदरात हिनंच कापून दिलेला कागद.

आता खरं म्हणजे तिथल्या तिथं बोलायचं. पण माणसाची जीभ फार लबाड. ती म्हणते, थांब, आधी गुपचूप निस्तरून बघू. शिवलीलानं आप्पाजींना फोन केला, आणि मग मागच्या खोलीत जाऊन, नळ सोडून, अंबूबाईला लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. पवित्राला लावला. ती बेळ्ळंदूरच्या एका कंपनीत साफसफाईला, तिथं आत जाताना फोन बाहेर ठेवून घेतात. तोही वाजून वाजून थकला. दातवाल्याचं नाव तिला ठाऊक नव्हतं. औषधाच्या दुकानावर माडी, एवढंच अंबूबाई बोलली होती. एचएसआरमध्ये औषधाची दुकानं किती आणि त्यांवर माड्या किती!

ती बाहेर आली तोवर आप्पाजी विठाबाईंना रिक्षातून उतरवत होते. आप्पाजींच्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला. विठाबाई मात्र हातातलं विणकाम तसंच घेऊन आलेल्या.

"अहो, पण माझं रक्त काढलंच नाही कुणी!" त्या म्हणत होत्या.

"तू विसरतेस हल्ली," आप्पाजी घाबऱ्या आवाजात म्हणाले. "परवा गॅस विसरलीस. चल आत." त्यांचा स्वतःचा सल्ला त्यांच्याच ध्यानातून उडाला होता. बायकोच्या जिवावर बेतलंय म्हटल्यावर कालची चिठ्ठी कुणाच्या लक्षात राहते?

"गॅस विसरले म्हणजे सुई टोचलेली विसरीन? भीतीनं दोन दिवस जेवत नाही मी सुईच्या. क्षमा, तूच बघ गं, दंडावर कुठं टोचलंय का?"

क्षमानं दोन्ही हात पाहिले. डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, पायांवर कुठं लाल ठिपके आहेत का पाहिलं. तिच्या कपाळाला आठी पडली. "काहीच दिसत नाही. पण आकडा असला की धोका पत्करायचा नाही. मी हॉस्पिटलला चिठ्ठी देते. अक्का, रक्त तुम्हीच काढलंत ना? कुठल्या हाताचं?"

टेबलावर कातर होती. बाजूच्या टोपलीत सकाळचीच कापलेली पट्टी. एका बाजूला बाकावरचे चार पेशंट, शिवकुमारच्या गोळ्या, घरभाडं, आणि ही खुर्ची. दुसऱ्या बाजूला एक काळानिळा दंड.

"विठाबाईंचं नाही," शिवलीला म्हणाली. "अंबूबाईचं. मी नाव घातलं विठाबाईंचं. सवलतीसाठी. आणि आज सकाळी मीच तिला सांगितलं, सगळं ठीक आहे, जा म्हणून. ती दाढ काढायला गेलीय."

बाकावरचा खोकणारा माणूस पुढं वाकून ऐकू लागला.

"मीच म्हणालो होतो," आप्पाजी पुटपुटले आणि मटकन बसले. "हिच्या नावावर घाल म्हणून, मीच."

विठाबाईंनी त्यांच्याकडं वळून पाहिलं. "वा! उभ्या जन्मात घर माझ्या नावावर केलं नाहीत, आजार बरा केलात!"

क्षमा चिठ्ठी फाडून उठली होती. "किती वाजता जायचं होतं तिला?"

"अकराला."

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून गेले होते.

"कुठला डॉक्टर? फोन नंबर? नाही? चला गाडीत बसा. फोन लावत राहा." तिच्या बोलण्यात राग नव्हता. त्यात 'अक्का'ही नव्हतं, आणि तेच शिवलीलाला रागापेक्षा जास्त लागलं.

निघता निघता विठाबाई टेबलामागं जाऊन बसल्या. "जा तुम्ही. आलेल्यांना मी थांबवते. खुर्ची रिकामी नको राहायला."

बेंगळुरातला रस्ता आधीच माणसाची परीक्षा बघतो. घाई असली की तो मुद्दाम झोपतो. सिल्क बोर्डच्या चौकाअलीकडं गाड्या अशा उभ्या की जणू तिथंच बिऱ्हाड केलंय. शेजारच्या बसमधली एक बाई निवांत मुगाच्या शेंगा सोलत होती. शिवलीला फोन लावत होती. वाजतोय, वाजतोय, बंद. मध्येच तिला वाटे, उचलू नये तिनं. उचलला आणि पलीकडून दुसऱ्याच कुणाचा आवाज आला तर?

"उगादीला मी काय म्हणाले होते?" क्षमानं समोर बघत विचारलं.

"ज्याचं रक्त त्याचं नाव."

"का म्हणाले असेन?"

"मला वाटलं, पैशासाठी. लॅबवाल्यांनी पकडलं तर दवाखान्याला दंड पडेल म्हणून."

"पैशाचं म्हणाल तर मी भरले असते हो," क्षमा म्हणाली आणि सिग्नल सुटला तशी गाडी हाणली.

तेवढ्यात शिवलीलाचा फोन थरथरला. पवित्रा. जेवणाच्या सुट्टीत बाहेर येऊन इतके फोन बघून ती आधीच रडकुंडीला आलेली. "मावशी, काय झालं? आईला काय झालं?"

"काही नाही गं, तू फक्त दातवाल्याचा पत्ता सांग." शिवलीलाला वाटलं, आज आपण खोटं बोलायचं थांबणार की नाही?

सत्ताविसावा मेन रस्ता, बँकेसमोर, निळी पाटी. गाडी धड उभी राहायच्या आत शिवलीला उतरली. साठीच्या घरातली, गुडघे धरून चालणारी बाई, पण तो जिना तिनं कसा चढला ते तिला पुढंही आठवलं नाही.

वर बाकावर कुणी नव्हतं. आतल्या खोलीचं दार लोटलेलं. तिनं ढकललं.

अंबूबाई खुर्चीवर आडवी होती. तोंडात कापसाचा बोळा, तो लाल. गाल जांभळा होऊन टम्म फुगलेला. डोळे मात्र उघडे, आणि ते शिवलीलावर येऊन थांबले.

दातांचा डॉक्टर, तरुण माणूस, दोन्ही हातांनी तिच्या हिरडीवर कापूस दाबून उभा होता. "तुम्ही कोण? यांच्या घरच्या?" तो मान न वळवता म्हणाला. "भूल द्यायची नुसती सुई दिली, सुई, तेवढ्यानं रक्त थांबेना. दाढेला हातही लावला नाही मी. पेशींचा कागद मागनं येतोय, ठीकच आहे म्हणाल्या या, म्हणून दिली. आणि हा कागद बघा! नाव नाही, लॅबचा फोन नाही, वरचं सगळं कापलेलं. विचारू कुणाला मी? यांना बोलता येत नाही, तोंड बधिर आहे. फोन यांच्या पिशवीत वाजतोय, तो उचलायला माझे हात मोकळे नाहीत!"

"दाबून धरा, सोडू नका," मागून क्षमा आली. "प्लेटलेट बारा हजार आहेत यांच्या. मी गाडी आणलीय."

दातवाल्यानं कापूस आणखी घट्ट दाबला. "मी कापणारच होतो," तो हळूच म्हणाला.

हॉस्पिटलात नेईपर्यंत शिवलीलानं मागच्या सीटवर अंबूबाईचं डोकं मांडीवर धरलं होतं आणि कापूस बोटानं दाबला होता. अंबूबाई काहीतरी बोलू बघत होती. बधिर तोंडातून नुसता घोगरा आवाज येई. "गप की गं," शिवलीला म्हणत होती, "नंतर बोल, सगळं नंतर बोल. पोटभर शिव्या घाल, पण नंतर."

हॉस्पिटलच्या खिडकीवर आधार कार्ड मागितलं. ते अंबूबाईच्या पिशवीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. क्षमानं ते काढलं, वाचलं, आणि शिवलीलापुढं धरलं. जन्मसालावर तिचं बोट होतं.

शिवलीलानं मनात मोजलं. पुन्हा मोजलं. अंबूबाईची साठी उलटून दोन वर्षं झाली होती.

इतकी वर्षं शेंगाचटणी खाल्ली, सुखदुःख ऐकलं, पण तुझं वय काय म्हणून तिनं कधी विचारलं नव्हतं. केस काळे, हात चपळ, धरली असेल पन्नास. सवलत अंबूबाईला तिच्या स्वतःच्या नावावरच मिळाली असती.

अंबूबाईला डेंगी निघाला. प्लेटलेटच्या पिशव्या चढवल्या, पाचसहा दिवस ठेवून घेतलं. पहिली रात्र वाईट गेली, मग गाल जांभळ्याचा हिरवा झाला, हिरव्याचा पिवळा. खर्चाचा मोठा वाटा आप्पाजींनी उचलला आणि त्याबद्दल घरात तोंडही उघडलं नाही. विठाबाईंनी उघडू दिलं नसतं.

शिवलीला दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आली ती किल्ल्या परत द्यायला. क्षमानं किल्ल्या टेबलावर तशाच राहू दिल्या.

"तुम्ही त्या वेळी बोलला नसतात तर मी तुम्हाला आज दारात उभं केलं नसतं," ती म्हणाली. "बोललात, पण उशिरा बोललात. रक्त काढा, नंबर लावा. चिठ्ठ्या आणि बिलं मी लिहीन. किती दिवस ते मला माहीत नाही."

"सरी," शिवलीला म्हणाली. यावेळी एकदाच.

मग तीन आठवड्यांनी अंबूबाई आली. पेशी पुन्हा मोजायच्या होत्या. जरा वाळलेली, पण जीभ होती तशीच. बाकावर बसली नाही, सरळ टेबलाशी आली. हातात डबा नव्हता.

शिवलीला उठून उभी राहिली.

"एक विचारते," अंबूबाई म्हणाली. "त्या दिवशी गाडीत हेच विचारत होते, तू गप गप करत होतीस. मी तिथं मेले असते, तर तुमच्या कागदात कोण मेलं असतं?"

उत्तरही तिनंच दिलं.

"विठाबाई मेल्या असत्या. आणि मी? मी कुठंच मेले नसते. माझ्या पोरीनं सुतक कुणाचं धरायचं होतं गं?"

आतून क्षमा दारात येऊन उभी राहिली होती. तिनं चिठ्ठीसाठी पेन उघडलं, मग काय वाटलं कोण जाणे, पेन शिवलीलापुढं ठेवलं आणि आत गेली.

शिवलीला बसली. तिनं पेन उचललं. "नाव सांग."

"तुला ठाऊक नाही?"

"तू सांग. तू सांगशील तेच लिहिणार."

अंबूबाईनं पदर सारखा केला, आणि सरकारी कचेरीत उभी असल्यासारखी, बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं, स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव असं सगळं सांगितलं. शिवलीलानं ते हळूहळू उतरवलं, एक अक्षर गाळलं नाही.

"वय?"

"कार्डावर आहे ते घाल. मला काय लपवायचंय?"

"बासष्ट. सवलत बसते तुला."

"बसते ना? मग लाव की! माझ्या हक्काची आहे, तुझ्या मेहरबानीची नाही." तिनं दंड पुढं केला. तिथं पिवळसर डाग अजून पुसट दिसत होता. "आणि दुसऱ्या हाताला टोच. या हातानं तुझं पुष्कळ सोसलंय."

शिवलीलानं दुसऱ्या हातावर सुई लावली. नळी भरली, कापूस ठेवला, आणि रक्त थांबलं तरी ती तो कापूस किती तरी वेळ दाबून बसली. अंबूबाईनं हात ओढून घेतला नाही.